चपलेला अध्यक्ष नसतो

अंबाजोगाई
१२ नोव्हेंबर २०००

प्रिय विलास,

तुझे पत्र मिळाले. परदेशात चपला पाठवणाऱ्या त्या कोल्हापूरच्या व्यापाऱ्याच्या वेबसाइटचे काम तू मला मिळवून दिलेस, हे वाचून मी पत्राची घडी घातली आणि खात्री करायला पुन्हा उघडले. सिरसाळ्याच्या आपल्या वर्गातून पुण्याच्या वेबसाइट कंपनीत तू एकटाच पोचलास, आणि पोचल्यावर मला विसरला नाहीस.

हे काम वेळेवर मिळाले. आप्पांनी परवा स्पष्ट सांगितले : "बी.कॉम. अर्ध्यात सोडलं, सोडलं. आता पाडव्यापस्तोर तुझ्या त्या पडद्यावरच्या धंद्याचं काय ते दाव. न्हाईतर पाडव्याला गल्ल्यावर बस." आमच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर एकदा बसलेला माणूस पुन्हा उठलेला आमच्या घराण्यात कुणी पाहिलेला नाही. आजोबांना तर उठवायला चौघे लागले.

तू ई-मेल करत जा म्हणतोस. मी भगवानरावांच्या कॉलेजच्या संगणक खोलीत बसतो, हे तुला माहीत आहे. मुलांचे तास संपले की खोली माझी; त्या बदल्यात संस्थेचे अध्यक्ष म्हणून भगवानरावांची वेबसाइट मी करायची. पण इमारतीत फोन एकच. तो इंटरनेटला लावला की प्राचार्यांच्या टेबलावरचा फोन मुका होतो. मग ते शिपाई पाठवतात आणि जोडणी तुटते. पत्राला शिपाई आडवा येत नाही.

मी कामाला लागलो आहे. वेळेच्या नियोजनावर एक पुस्तक आणून त्याप्रमाणे तक्ता आखला : निळ्या शाईत काम, हिरव्या शाईत अभ्यास, लाल शाईत वाया गेलेला वेळ. लाल शाई लवकर संपली, कारण तक्ता आखण्यात गेलेला वेळही मी प्रामाणिकपणे लाल शाईतच लिहिला.

सुरुवात करण्याआधी काही शंका आहेत. पहिल्या पानावर व्यापाऱ्याचा फोटो मोठा घ्यायचा की त्याच्या वडिलांचा? वडील हयात नसतील तर हार फोटोतच आहे की मी काढायचा? अध्यक्ष, संस्थापक, मार्गदर्शक असा क्रम त्यांच्याकडे काय आहे? कळवल्याशिवाय पुढे जाणे मला धोक्याचे वाटते.

तुझा
श्रीशैल


पुणे
२० नोव्हेंबर

श्रीशैल बे,

तुझं पत्र रूमवरच्या पोरांना वाचून दाखवलं. रागावू नको. इतकं सुवाच्य अक्षर त्यांनी लग्नपत्रिकेशिवाय कुठं बघितलं नव्हतं.

शंकांची उत्तरं : फोटो चपलेचा. मोठा बी चपलेचा, बारका बी चपलेचा. चपलेला अध्यक्ष नसतो बे. संस्थापक नसतो, मार्गदर्शक नसतो. तिला तळ असतो आन पट्टा असतो. सहा पानं हायत, मजकूर व्यापाऱ्यानं इंग्रजीत दिलाय, फोटो सोबतच्या फ्लॉपीवर हायत. एका पानावरून दुसऱ्या पानावर जाता आलं पाहिजे, बस. पंधरा डिसेंबरला काम पाहिजे.

आता नीट ऐक. बाहेरची कामं वाटणाऱ्या आमच्या वनिता मॅडमनी विचारलं, "तुमच्या मित्राची पदवी काय?" मी म्हणलं, पदवी न्हाई, पण काम दिलं तर लई नेटकं करतो. त्या म्हणल्या, "बघू. तुमच्या शब्दावर देते." म्हणजे काम तुझं आन शब्द माझा हाय. तक्ता फाडून टाक, निळी शाई कुणाला तरी देऊन टाक आन पहिलं पान बनव. वाईट बनव. पण बनव.

गावाकडं गेलास तर आमच्या मायला भेट. सांग, पोरगं जेवतंय.

विलास
जय भीम


अंबाजोगाई
९ डिसेंबर

प्रिय विलास,

चतुराकाकूंना भेटलो. निरोप सांगितला. त्या म्हणाल्या, "जेवतंय म्हणतंय, पण काय जेवतंय ते कावून सांगत न्हाई?" याचे उत्तर तू परस्पर द्यावेस.

काम ऐंशी टक्के पूर्ण झाले आहे. फाइलींची नावे ठरली आहेत. सहा पानांसाठी सहा कप्पे केले आहेत आणि प्रत्येक कप्प्यात 'जुने', 'नवे' व 'अंतिम' असे उपकप्पे आहेत. पानाच्या पार्श्वभूमीसाठी मातकट, बदामी आणि फिकट बदामी असे रंग तयार आहेत. फिकट बदामी माझ्या मते योग्य आहे, पण कॉलेजच्या पडद्यावर तो हिरवट दिसतो. पुण्यातल्या पडद्यावर कसा दिसतो ते पाहून सांग, म्हणजे मजकुराला हात घालता येईल. फ्लॉपी दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून पाठवत आहे. एखादी बिघडली तर असावी म्हणून तेच सगळे आणखी एका फ्लॉपीवर आहे.

उशीर होण्याचे कारण भगवानराव. त्यांच्या वेबसाइटचे पहिले पान म्हणजे मधे ते स्वतः आणि भोवती एकतीस चेहरे. वरच्या ओळीत मार्गदर्शक, मग आधारस्तंभ, मग संचालक, मग शुभेच्छुक. मान जितका मोठा तितकी चौकट मोठी. पण फोनवरून पान उघडते ते वरून खाली, एकेक चेहरा करत. खालच्या ओळीतल्या माणसाला स्वतःचे तोंड दिसेपर्यंत चहा पिऊन होतो, आणि मधेच फोन तुटला तर तो जगाला दिसतच नाही. हे कुणीतरी शुभेच्छुकांना सांगितले. तेव्हापासून सगळ्यांना वर यायचे आहे.

त्यात भगवानरावांचे स्वीय सहायक पंडित दर दोन दिवसांनी येतात. "श्रीशैलराव, ह्याला खाली घ्या. हा परवा समोरच्यांच्या स्टेजवर बसला होता." आज खाली घेतलेला माणूस सोमवारी क्षमा मागतो आणि बुधवारी वर जातो. मी एक युक्ती बसवली आहे : सगळ्या चौकटी आधीच आखून ठेवल्या आहेत, नुसता फोटो बदलला की माणूस बदलतो. पंडित म्हणाले, "वा. असं राजकारणात असतं तर किती बरं झालं असतं."

हे काम मी मनापासून करतो. चपलेचे उरलेले वीस टक्के किरकोळ आहेत.

तुझा
श्रीशैल


पुणे
१९ डिसेंबर

श्रीशैल,

चपलेचं काम वेळेवर गेलं. मॅडमना आवडलं. म्हणल्या, साधं आन स्वच्छ हाय. पुढचं काम बी तुलाच देणार हायत.

विलास


अंबाजोगाई
२ जानेवारी २००१

प्रिय विलास,

तुझे चार ओळींचे पत्र मी पाकिटासह जपून ठेवले आहे. 'साधं आणि स्वच्छ' हे शब्द मला विशेष वाटले, कारण फिकट बदामीचा निर्णय त्याच हेतूने घेतला होता. वीस टक्के तुम्ही तिकडे जोडून घेतले असतील. त्यावरून हेही लक्षात आले, की मी जे ऐंशी टक्के समजत होतो ते प्रत्यक्षात शंभराच्या जवळ होते. मी स्वतःला कमी लेखतो, असे पुस्तकातही म्हटले आहे.

ही बातमी मी पंडितांना सांगितली आणि त्यांनी भगवानरावांना. लगेच कॉलेजात माझे व्याख्यान ठेवण्यात आले. विषय : 'स्वतंत्र वेब व्यवसाय – कौशल्य व वेळेचे नियोजन'. फळ्यावर माझे नाव रंगीत खडूने लिहिले होते. मी मुलांना सांगितले, की मालक नसलेल्या माणसाने स्वतःचा मालक व्हावे. रोज काय केले ते लिहावे. काम हातात घेतले की ते तारखेच्या आत संपवावे, जसे मी पुण्याचे संपवले. एका मुलाने विचारले, "सर, ती वेबसाइट दाखवता का?" फोन प्राचार्यांकडे होता, म्हणून दाखवता आली नाही.

आप्पा सिरसाळ्याहून आले होते. सगळ्यात मागच्या बाकावर बसले. व्याख्यान झाल्यावर म्हणाले, "बोललास चांगलं." घरी जाऊन आईलाही तसेच म्हणाले. पाडव्याचा विषय काढला नाही.

आणखी एक. भगवानरावांनी माझा फोटो वेबसाइटवर घ्यायला सांगितला. 'युवा संगणकतज्ज्ञ' म्हणून, शुभेच्छुकांच्या ओळीत शेवटचा. मी नको म्हणालो, पण चौकट रिकामी होती.

तुझी काळजी वाटते. तुझी पत्रे तुटक होत चालली आहेत. यावरून तुझ्या वेळेचे नियोजन बिघडल्याचे दिसते. सकाळी एक तास लवकर उठून पाहा. तक्ता हवा असल्यास आखून पाठवतो.

तुझा
श्रीशैल


पुणे
११ जानेवारी

युवा संगणकतज्ज्ञ,

तक्ता नको. दोन दिवस पत्र लिहीन का न्हाई ते ठरवत होतो. आता लिहितोच.

ते काम मी केलं. तुझी फ्लॉपी उघडली तवा तिच्यात अठरा उपकप्पे निघाले, अठराच्या अठरा रिकामे. तीन रंग निघाले. एका पानावर 'काम चालू आहे' असं लिहिलेलं, त्याच्याखाली फावडं घेतलेला माणूस. आन तुझा तक्ता, फाइल करून. चप्पल एक बी न्हाई. मॅडमला शब्द दिला होता म्हणून दोन रात्री जागून सहा पानं ओढली आन तुझ्या नावानं दिली. तुला सांगणार नव्हतो. म्हणलं, नाव झालं तर हुरूप येईल. तुला इतका हुरूप येईल आन तू भाषण ठोकशील, हे ध्यानात आलं न्हाई.

एक बोलतो, झोंबलं तर झोंबू दे. भगवानरावाचं पान तुला आवडतं, कारण ते कवाच पुरं होणार न्हाई. जे पुरं होत न्हाई ते कुणी तपासत न्हाई. तू कामाला भीत न्हाईस बे, काम संपायला भितोस. शाळेत बी तूच शेवटपस्तोर पेपर धरून बसायचास आन सर हिसकून घ्यायचे. हितं हिसकणारा सर न्हाई.

दुसरं काम आलंय. चपलेची मागणी नोंदवायचा फॉर्म. परदेशातला माणूस चप्पल निवडणार, पायाचं माप लिहिणार, पाठव म्हणणार. ते व्यापाऱ्याला पोचलं पाहिजे. तारीख वीस फेब्रुवारी. या वेळी मी हात लावणार न्हाई. तुझ्याच हातानं तिथूनच चढव. आमच्या मशीनचं नाव आन संकेतशब्द सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलाय. न्हाई चढलं तर मॅडम दुसऱ्याला काम देतील, आन मी बी मधे पडणार न्हाई.

विलास
जय भीम


अंबाजोगाई
१९ जानेवारी

विलास,

पत्र मिळाले.

श्रीशैल


सिरसाळा
२४ फेब्रुवारी २००१

प्रिय विलास,

पत्त्यावरून तुला कळले असेल, की मी आता अंबाजोगाईला नाही. काय झाले ते क्रमाने लिहितो. कुणाकडून ऐकशील तर उलटसुलट ऐकशील. पंडित तर दर चौकात वेगळे सांगत आहेत.

तुझे पत्र वाचून मी आठवडाभर काहीच केले नाही. रागावलो होतो. मग राग कशाचा आहे ते शोधू लागलो, आणि तू लिहिलेले एकही वाक्य खोटे सापडले नाही. त्याचा आणखी राग आला. मग फॉर्म करायला बसलो.

फॉर्मची मांडणी मला नव्याने सुचेना. माझ्याकडे तयार अशी एकच मांडणी होती, भगवानरावांची. तीच घेतली. मधल्या मोठ्या चौकटीत कापशी चप्पल, म्हणजे त्या व्यापाऱ्याची सगळ्यात भारी. भोवती लहान चौकटींत बाकीच्या. खाली मापाची जागा आणि 'पाठवा'चे बटण. सांगितल्याप्रमाणे अध्यक्ष कुणी नव्हता, पण कापशी चप्पल मधे बसल्यावर तशी दिसत होती, हे कबूल करतो.

वीस तारखेला चढवायला बसलो. त्याच दिवशी दुपारी बाजार समितीच्या निवडणुकीचा निकाल लागला. भगवानराव निवडून आले, पण ते आदल्या आठवड्यातच समोरच्या पॅनेलमध्ये गेले होते. म्हणजे त्यांचे कालचे अकरा आधारस्तंभ पडले आणि कालचे अकरा विरोधक आजचे आधारस्तंभ झाले. पंडित पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात अकरा फोटो घेऊन धावत आले.

"श्रीशैलराव, अकरा काढा, अकरा घाला. मंत्री सत्काराला येतेत. त्यायला वेबसाइट दावायची हाय."

"अर्धा तास थांबा. फोन लागलेला आहे."

"कुणाला लावलाय?"

"पुण्याला. चपलेचा फॉर्म चढतो आहे."

पंडितांनी खोके टेबलावर ठेवले. "म्हंजे आधी चपला, मग दादांचं तोंड?"

"तसे नाही. हे काम आधी घेतले आहे."

"तोडा की राव. मागून जोडा."

विलास, तोडणे सोपे होते. हात तिकडे गेलाही. फॉर्ममधली एक चूक मला माहीत होती : मापाच्या जागेत माणूस स्वतःचे नाव लिहू शकतो आणि फॉर्म ते मुकाट्याने घेतो. एरवी मी आनंदाने तोडले असते, 'उपकप्पा : नवे' उघडला असता आणि पंडितांचे आभार मानले असते. मी हात मांडीखाली घेतला आणि म्हणालो, "नाही तोडणार."

पंडित दादांना, म्हणजे भगवानरावांना, सांगायला गेले. त्यांनी काय सांगितले कोण जाणे, पण मंत्री वेळेआधी आले होते आणि त्यांना कुठेतरी बसवायचे होते, म्हणून सगळी मंडळी हारतुऱ्यांसह थेट खोलीतच शिरली. पुढे मंत्री, शेजारी भगवानराव, मागे नवे अकरा, त्यांच्या मागे प्राचार्य. भगवानरावांनी पडद्याकडे न बघताच हात केला. "साहेब, ही आपल्या संस्थेची वेबसाइट. संचालक मंडळासहित."

पडद्यावर मधे कापशी चप्पल होती आणि भोवती अकरा लहान चपला.

मंत्र्यांनी चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत एकेक पाहिली आणि म्हणाले, "भगवानराव, मंडळ चांगलं निवडलंय. टिकाऊ दिसतं."

आधी ते हसले, मग भगवानराव हसले, मग अकरा जण हसले. भगवानराव हसत हसतच माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि दुसरा हात पुढे केला. मी खोलीची किल्ली दिली. फॉर्म तोवर चढला होता. ते मी पाहून घेतले आणि मग उठलो.

आता संगणक नाही. सिरसाळ्यात इंटरनेटचे दुकानही नाही. आप्पांना लोकांकडून कळले. ते एवढेच म्हणाले, "पाडवा महिन्यावर आला." मी म्हणालो, हो.

फॉर्म चालला का, ते कळव. मापाच्या जागेची चूक मी आधीच सांगितली आहे. आणखी असतील.

तुझा
श्रीशैल


पुणे
४ मार्च

श्रीशैल बे,

तुझं पत्र रूमवर वाचलं तवा शेजारच्या रूमची पोरं आली, म्हणली मारामारी चाललीय का. 'टिकाऊ दिसतं' ह्या वाक्यावर एक जण खाली पडला.

फॉर्म चालला. त्यात चुका हायत. मॅडमनी पानभर काढल्यात, सोबत जोडल्यात. तुझी मापाची हायच, शिवाय देशाचं नाव न लिहिता बी फॉर्म जातो. व्यापाऱ्याला पहिली मागणी आली ती कुठून आली ते त्याला अजून कळंना. चार दिवस नकाशा बघतोय. पण मॅडम म्हणल्या, "चुका दिसतात म्हणजे काम दिसतंय. मागच्या वेळी इतकं सफाईदार होतं की मला संशय आला होता." माझ्याकडं बघून म्हणल्या. मी खाली बघितलं.

तर पुढचं काम. त्याच व्यापाऱ्याला आणखी पाच पानं पाहिजेत : चप्पल कशी बनते, निगा कशी राखायची, असलं. इंग्रजी मजकूर पाठवतोय. वीस मार्चपस्तोर पाहिजे. मॅडमनी विचारलं, त्यांच्याकडं मशीन हाय ना? मी म्हणलं, व्यवस्था चालू हाय. आता तूच सांग काय व्यवस्था चालू हाय ते. पुण्याला ये म्हणलं असतं, पण खोलीत पाच जण हाव; सहाव्याला उभ्यानं झोपावं लागंल. परळीला जाऊन कुणाचं मशीन मागतोस का? बिगर मशीनचा वेबवाला म्हणून तुझा सत्कार घ्यावा लागंल, भगवानरावाच्या हस्ते.

विलास
जय भीम


सिरसाळा
१३ मार्च

प्रिय विलास,

सोबत पाचही पाने आहेत. हाताने लिहिली आहेत.

हसून झाले की पुढे वाच. परळीत दोन ठिकाणी विचारले. एकाने मशीनवर कापड घालून ठेवले आहे, ते तो दिवाळीलाच काढतो. दुसऱ्याने आधी भगवानरावांना फोन केला. मग मला आठवले, की शिकवणीत एका संगणकावर आम्ही आठ जण होतो आणि माझा नंबर यायच्या आत वीज जायची. पडद्यावर मी फार थोडे शिकलो. बाकी सगळे कागदावर. तर कागदावरच लिहिले. तू फक्त जसेच्या तसे टाइप करायचे आणि चढवायचे. शून्याला तिरकी रेघ मारली आहे, इंग्रजी ओ मोकळा आहे. जिथे जागा सोडायची तिथे खाली टिंब दिले आहे. तुझ्या मनाने काही सुधारू नकोस. चुकले असेल तर माझे चुकू दे.

लिहायला जागा गल्ल्यावरच मिळाली. लग्नसराईमुळे गर्दी आहे आणि आप्पांना आडतीवर जावे लागते, म्हणून पाडव्याआधीच बसलो. काल सटवामामा आले.

"पावशेर गूळ दे."

"थांबा मामा, कंस बंद करतो."

"कशाला बंद करतो? मी आताच आलोय की."

"दुकान नाही, कंस. उघडलेला कंस बंद केला नाही तर पुढचे सगळे बिघडते."

मामांनी वाकून कागद पाहिला. "कुणाची पत्रिका हाय ही?"

"चपलेची."

ते गूळ न घेताच निघाले. आप्पांना हे कळू नये अशी इच्छा आहे, पण मामा त्यांच्याच वाटेने गेले.

तक्ता आखलेला नाही. वेळ झाला नाही.

तुझा
श्रीशैल


पुणे
२१ मार्च

श्रीशैल बे,

रविवारी बसलो आन टाइप केलं. एक अक्षर बदललं न्हाई, शपथ. पाचातली चार पानं पहिल्या फटक्यात उघडली. मी लिहिलेली बी कधी अशी उघडत न्हाईत. मॅडमना खरं काय ते सांगितलं, तुझे कागद बी दाखवले. त्यांनी ते कागद ऑफिसात फिरवले. आमचा एक इंजिनिअर म्हणला, असला माणूस कुठं मिळतो? मी म्हणलं, गुळाच्या ढेपेमागं.

पाचवं पान बी उघडलं. फक्त 'चपलेची निगा' ह्या मजकुराच्या मधोमध, तेल लावा आन उन्हात ठेवू नका ह्यांच्यामधे, 'तूरडाळ अर्धा किलो' आलं. इंग्रजी अक्षरांत, स्पेलिंगसकट बरोबर. तुझ्या अक्षरावर भरवसा ठेवून मी डोळे झाकून टाइप करत होतो. दोन दिवस ते जगानं वाचलं. मॅडमनी व्यापाऱ्याला फोन करून विचारलं, डाळ चपलेला लावतात का. तो म्हणला, आमच्याकडं न्हाई, पण बीडकडं लावत असतील.

काढलं ते. बाकी पसंत हाय. मॅडमनी तुझं नाव बाहेरच्या कामाच्या नेहमीच्या माणसांत घातलं, माझ्या शब्दाशिवाय.

पाडवा सोमवारी हाय. काय ठरलं?

विलास
जय भीम


सिरसाळा
२७ मार्च २००१

प्रिय विलास,

तूरडाळ सटवामामांच्या सुनेची होती. तिला ती मिळाली नाही, हेही आता उघड झाले.

काल पाडवा झाला. गुढी उभारली. आप्पांनी तराजूची आणि वह्यांची पूजा केली. मी अंघोळ करून, नवा सदरा घालून गल्ल्याशेजारी उभा राहिलो. तुझे पत्र खिशात होते. ते वाचून दाखवावे असे ठरवले होते आणि कुठून वाचायला सुरुवात करायची तेही ठरवले होते, इंजिनिअरच्या वाक्यापासून.

वाचायची वेळ आली नाही. आप्पांनी गल्ल्यावर घोंगडीची चौपदरी घडी घातली, त्यावर बसायला मला खूण केली, मग थांबले आणि चष्मा पुसू लागले.

"पंधरा दिसांत किती गिऱ्हाईक माघारी गेलं, ठावं हाय का?"

मी म्हणालो, नोंद केलेली नाही.

"साखर बांधतोस तर पुडीच्या कडा जुळवीत बसतोस. गूळ मागणाऱ्याला कंस सांगतोस. शेजारचा दुकानदार काल मला पेढा देऊन गेला. म्हणला, पोराला असाच बसवत ऱ्हावा."

आई दारात उभी होती. ती हसली.

"ह्याला हितं बसवलं तर पुढल्या पाडव्याला पूजा कशाची करायची?" आप्पा म्हणाले. मग मागे वळून त्यांनी हाक मारली. "गंगासागर, तू बस गं."

आई पदर खोचून बसली, आणि दुपारच्या आत सगळी गर्दी उरकली. सटवामामांनी गूळही नेला आणि डाळही.

एवढे सगळे करून मी गल्ल्यातून सुटलो तो असा. कौशल्य किंवा नियोजन यांचा काही संबंध आला नाही. तुझे पत्र मी नंतर आप्पांना वाचून दाखवले. ते इंजिनिअरच्या वाक्याला थांबले नाहीत, शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, "म्हंजे चुकलास तरी बी त्यांनी ठिवलं?"

"हो."

"मग बरी माणसं हायत."

मागच्या खोलीत तेलाचे डबे सरकवून त्यांनी मला एक टेबल दिले. एका पायाखाली मी पुठ्ठा घातला आहे. संध्याकाळी ते पुन्हा येऊन उभे राहिले, टेबलाकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले.

"मशीन कुठं हाय?"

"नाही अजून."

"बिगर तराजूचं दुकान हाय हे."

मी म्हणालो, हो. दस्ताभर कागद आणला आहे. काम पाठव.

श्रीशैल